चिलटाच्या नाकाचा इतिहास

चँडलरमध्ये बऱ्याच घरांच्या मागच्या अंगणात संत्र्याचे नाहीतर ग्रेपफ्रूटचे एखादे झाड असते. हिवाळा सरता सरता फळांचा नुसता पूर येतो. घरात खाऊन संपत नाहीत, शेजाऱ्यांना आणि ऑफिसात वाटून संपत नाहीत. उरलेली झाडाखाली पडून सडतात. मग एके दिवशी स्वयंपाकघरात केळ्यांच्या फणीवर, देवापुढच्या नैवेद्याच्या फळांवर, इडलीचे पीठ आंबवायला ठेवलेल्या पातेल्यावर लाल डोळ्यांचे इवलेसे जीव घिरट्या घालू लागतात. आपण त्यांना चिलटे म्हणतो. कोणी केमरे म्हणतात, कोणी घुंगुरटी. चार मराठी बिऱ्हाडे जेवायला एकत्र जमली की शाळा, घरांच्या किमती आणि देशातल्या आईवडिलांची तब्येत या विषयांच्या मधूनच हा प्रश्न डोके वर काढतो, आणि प्रत्येकाकडे एक रामबाण उपाय असतो. कोणी कापूर जाळते, कोणी लिंबात लवंगा खोचते, तर कोणी सरळ फवाऱ्याचा डबा हातात घेते.

प्रश्न क्षुल्लक आहे खरा, पण त्याच्या उत्तरामागचा इतिहास मुळीच क्षुल्लक नाही. हार्वर्ड, मुंबईचा कुलाबा, बिहारमधले पुसा, आपल्या ॲरिझोनातले टूसॉन, कॅलिफोर्नियातली सँटा क्लारा काउंटी आणि नाशिक जिल्ह्यातले लासलगाव एवढ्या गावांची पायधूळ त्यात आहे. त्या सगळ्याचे सार एका वाक्यात सांगायचे तर असे: माशीला मारण्याच्या मागे लागणारा बहुधा हरतो, आणि तिला कशाचा वास येतो हे समजून घेणारा बहुधा जिंकतो.

एक इंग्रजी नाव, दोन मराठी माश्या

सुरुवातीलाच एक गोंधळ दूर करू. इंग्रजीत ‘फ्रूट फ्लाय’ हे एकच नाव दोन अगदी वेगळ्या कीटकांना लावतात. मराठीत मात्र त्यांना वेगळी नावे आहेत. एक आपले चिलट. त्याचे शास्त्रीय नाव ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टर, म्हणजे काळ्या पोटाची दवप्रेमी. योहान माइगेन या जर्मन कीटकतज्ज्ञाने १८३० साली हे नाव ठेवले. दुसरी ती फळमाशी. आंब्याच्या आणि पेरूच्या बागाईतदाराची ती झोप उडवते. आकाराने ती घरमाशीच्या आसपास असते आणि तिचे कुळही वेगळे आहे.

दोघींतला महत्त्वाचा फरक अंडी कुठे घालतात यात आहे. फळमाशी चांगल्या, झाडावर लटकणाऱ्या फळाच्या सालीला भोक पाडून आत अंडी घालते. फळ बाहेरून धडधाकट दिसते, आणि कापले की आत अळ्या. चिलटाला असे भोक पाडता येत नाही. ते फुटलेल्या, पिकून लिबलिबीत झालेल्या, आंबू लागलेल्या फळावर अंडी घालते. त्याला फळापेक्षा फळावर वाढणाऱ्या यीस्टमध्ये जास्त रस असतो. या नियमाला एक अपवाद आहे. चिलटाची एक आशियाई चुलतबहीण करवतीसारख्या अवयवाने चांगल्या चेरी आणि स्ट्रॉबेरीत अंडी घालते, आणि २००८ साली ती कॅलिफोर्नियात सापडली. पण आपल्या ओट्यावरचे चिलट बागेचे शत्रू नव्हे. ते सडलेल्या मालाचे गिऱ्हाईक आहे.

गुहेपासून ओट्यापर्यंत

हे गिऱ्हाईक आपल्या घरात शिरले कधी? चिलट मूळचे आफ्रिकेचे. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठातल्या संशोधकांनी झिंबाब्वेतल्या माटोबो टेकड्यांच्या जंगलात त्याचा माग काढला आणि २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. तिथली रानटी चिलटे मारुला नावाच्या फळावर जगतात. गंमत अशी की आंबा, काजू आणि बिब्बा ज्या कुळातले, त्याच कुळातला हा मारुला. त्या परिसरातल्या गुहांत हजारो वर्षांपूर्वी माणसे राहत होती आणि मारुलाची फळे आणून साठवत होती. त्यांच्या कोयींचे ढीग पुरातत्त्वज्ञांना सापडले आहेत. फळांच्या वासामागे चिलट गुहेत आले आणि तिथून माणसाचे सोबती झाले, असा या संशोधकांचा तर्क आहे. म्हणजे आंब्याच्या कोयीवर बसलेले चिलट पाहून आपण वैतागतो तेव्हा ते बिचारे आपल्या कुळाचारालाच धरून वागत असते.

पुढे माणसाच्या फळांबरोबर आणि दारूच्या पिंपांबरोबर ते जगभर पसरले आणि एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत स्थिरावले. आपल्याआधी आलेले हे स्थलांतरित. त्यांना व्हिसा लागला नाही एवढेच.

नाकाचा पहिला शोध

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हार्वर्डमध्ये विल्यम कॅसल यांनी प्रयोगशाळेत चिलटे पाळायला सुरुवात केली. पाळायला ती स्वस्त, आणि दहा दिवसांत नवी पिढी तयार. हार्वर्डमध्येच बॅरोज नावाच्या संशोधकाने १९०७ साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्याचा विषय थेट आपल्या स्वयंपाकघरातला होता: हे चिलट कोणत्या वासाकडे जाते? बॅरोजने मद्यार्क, व्हिनेगरमधले आम्ल आणि आंबलेल्या फळात तयार होणारी इतर द्रव्ये वेगवेगळ्या प्रमाणांत तपासली. फळाच्या गोडव्यापेक्षा आंबण्यातून निर्माण होणारा वास चिलटाला खेचतो, असे त्याला दिसले. वास घेण्याचे इंद्रिय चिलटाच्या मिशीच्या टोकाच्या भागात आहे, हेही त्याने दाखवले. आज आपण वाटीत व्हिनेगर ठेवून चिलटे पकडतो त्या युक्तीची शास्त्रीय मुळे इथवर पोहोचतात.

त्यानंतर चिलट प्रसिद्ध झाले ते मात्र दुसऱ्याच कारणाने. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात टॉमस हंट मॉर्गन यांनी दुधाच्या बाटल्यांत, केळ्यांच्या खुराकावर चिलटांच्या पिढ्या वाढवल्या. १९१० साली लाल डोळ्यांच्या घोळक्यात त्यांना एक पांढऱ्या डोळ्यांचा नर सापडला आणि आनुवंशिकतेच्या शास्त्राला नवे वळण लागले. जनुके गुणसूत्रांवर असतात हे चिलटाने सिद्ध करून दिले. मॉर्गनना १९३३ साली नोबेल मिळाले. पुढे १९४६, १९९५, २०११ आणि २०१७ सालची नोबेल पारितोषिकेही चिलटावरच्या कामातून आली. मुलांना हे जरूर सांगावे. निदान फटका मारण्याआधी ती क्षणभर थांबतील.

कुलाब्यातली प्रयोगशाळा

या धामधुमीत चिलटाच्या नाकाचा विषय बराच काळ मागे पडला. तो पुन्हा पुढे आणणाऱ्यांत मुंबईचे नाव ठळक आहे. १९६२ साली होमी भाभांच्या निमंत्रणावरून ओबेद सिद्दिकी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि कुलाब्याच्या टोकाला, समुद्राकाठी, त्यांनी रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला. १९७०च्या दशकात ते चिलटांच्या मज्जासंस्थेकडे वळले, आणि तिथून वास व चव या विषयांकडे.

त्यांच्या विद्यार्थिनी व्हेरोनिका रॉड्रिग्ज. आईवडील मूळ गोव्याचे, जन्म केनियातला, शिक्षण युगांडात आणि आयर्लंडमध्ये, आणि संशोधनासाठी त्या आल्या मुंबईला. आपण भारतातून परदेशी आलो. त्या परदेशातून भारतात गेल्या. या गुरुशिष्यांचा प्रयोग ऐकायला अगदी सोपा आहे. इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखी नळी घ्यायची, एका फाट्यात वास सोडायचा, दुसरा फाटा कोरा ठेवायचा आणि चिलटे कुठे वळतात ते मोजायचे. जी चिलटे वासाकडे वळत नाहीत किंवा ज्यांना एखादाच ठरावीक वास कळत नाही, ती वेगळी काढून वाढवायची. त्यांच्यात कोणते जनुक बिघडले आहे ते शोधले की नाकाचा तो भाग कसा चालतो ते कळू लागते. १९७८ साली दोघांनी याविषयी निबंध प्रसिद्ध केला. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात एखादा प्रोग्रॅम समजून घ्यायचा तर त्यातली एकेक ओळ बंद करून काय बिघडते ते पाहतात. कुलाब्यात तेच चालले होते, फक्त प्रोग्रॅम कोट्यवधी वर्षांचा जुना होता.

चिलटातले वास ओळखणारे ग्राहक रेणू १९९९ साली अमेरिकेतल्या प्रयोगशाळांत हाती लागले. त्यानंतर माहितीला भरती आली. त्यातल्या दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. पहिली २००९ सालची: व्हिनेगरचा मंद वास चिलटाला खेचतो, पण तोच वास फार तीव्र झाला की मेंदूतला एक वेगळा तंतुगुच्छ जागा होतो आणि चिलट दूर राहते. दुसरी २०१२ सालची: मातीतले काही जीवाणू आणि बुरशी जिओस्मिन नावाचे द्रव्य सोडतात. पहिल्या पावसानंतर जो मातीचा वास येतो आणि ज्यासाठी परदेशात आपला जीव कासावीस होतो, त्यात मोठा वाटा या जिओस्मिनचा. चिलटाच्या नाकात एकट्या जिओस्मिनसाठी राखून ठेवलेली तार आहे, आणि तो वास आला की ते पाठ फिरवते. त्याच्या लेखी तो वास विषारी बुरशीची धोक्याची घंटा आहे. आपला मृद्गंध ही त्याची दुर्गंधी.

आपल्या वाळवंटातली चिलटे

इतके दूर कशाला, आपल्या ॲरिझोनानेही या इतिहासात भर घातली आहे. टूसॉनच्या ॲरिझोना विद्यापीठात विल्यम हीड यांनी सोनोरा वाळवंटातल्या चिलटांचा अभ्यास केला. वाळवंटात फळे कुठली? पण सग्वारो किंवा ऑर्गन पाइप जातीचे निवडुंग कुठे जखमी होऊन सडले की त्या ओल्या खोबणीत चिलटांची वस्ती होते, आणि प्रत्येक जातीचे निवडुंग ठरलेले. हीड आणि त्यांचे सहकारी कर्चर यांनी १९६५ साली दाखवले की एक जात सेनिता नावाच्या निवडुंगाशिवाय जगूच शकत नाही, कारण तिला लागणारा एक विशिष्ट स्निग्ध पदार्थ त्यातच मिळतो.

पण चँडलरच्या स्वयंपाकघरातले चिलट हे नव्हे. ते तेच आफ्रिकेहून आलेले जगप्रवासी. हे शहर १९१२ साली अलेक्झांडर चँडलर या पशुवैद्याने कालव्याच्या पाण्यावरच्या जमिनीत वसवले. तांबे, गुरे, कापूस, संत्रावर्गी फळे आणि हवामान हे ॲरिझोनाचे ‘पाच सी’ इथल्या शाळेत मुलांना शिकवतात. त्यातल्या फळांचा वारसा म्हणजे आपल्या अंगणातली झाडे. २०१३ साली जर्मनीतल्या येना इथल्या माक्स प्लांक संस्थेने दाखवले की अंडी घालायला जागा निवडताना चिलटाची माद्या संत्रावर्गी फळांना पसंती देतात. झाडाखालची सडकी संत्री म्हणजे चिलटांचे प्रसूतिगृह म्हणायला हरकत नाही.

उन्हाळ्यात बाहेर पारा ११० फॅरनहाइटपलीकडे जातो. चिलटाला ते सोसत नाही. सतत ८६ अंशांच्या पुढे तापमान राहिले तरी नर वांझ होऊ लागतात. पण आपण घरात थर्मोस्टॅट ७७-७८ वर ठेवतो. जगभरच्या प्रयोगशाळांत चिलटे वाढवण्यासाठी जे आदर्श तापमान ठेवतात ते किती? २५ सेल्सिअस, म्हणजे ७७ फॅरनहाइट. वीज कंपनीला बिल भरून आपण त्यांचेही पाळणाघर चालवतो.

रुमाल, तुळस आणि आंबा

आता दुसरी बहीण, फळमाशी. तिच्या नाकाचा शोध भारतात लागला. बिहारमधल्या पुसा इथली कृषी संशोधन संस्था १९०५ साली हेन्री फिप्स या अमेरिकन धनिकाच्या देणगीतून उभी राहिली. तिथले कीटकतज्ज्ञ फ्रँक हॉवलेट यांच्या कानावर एक चमत्कारिक तक्रार आली. डास पळवण्यासाठी रुमालाला सिट्रोनेला तेल लावले, तर डास राहिले बाजूला, त्यावर फळमाश्याच येऊन बसू लागल्या. हॉवलेटनी पाहिले तर ते सगळे नर निघाले. १९१२ साली त्यांनी हे निरीक्षण प्रसिद्ध केले, आणि १९१५ पर्यंत त्यामागचे द्रव्यही शोधून काढले: मिथाइल युजेनॉल. हेच द्रव्य तुळशीच्या तेलातही असते.

आजचा कोकणातला आंबा बागाईतदार ज्या सापळ्यावर विसंबतो तो याच शोधाचा नातू. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा त्याच तत्त्वावर चालतो. आमिषाच्या वासाने नर येतात आणि अडकतात, नर संपले की माद्यांची अंडी फलत नाहीत. सगळ्या बागेवर विष मारण्याची गरज बरीच कमी होते.

विषाची बाजू

विष मारले की काय होते, याचे उदाहरण कॅलिफोर्नियातल्या जुन्या मराठी मंडळींनी डोळ्यांनी पाहिले आहे. जून १९८० मध्ये सँटा क्लारा काउंटीत, म्हणजे ऐन सिलिकॉन व्हॅलीत, भूमध्य सागरी फळमाशी सापडली. गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी लोकवस्तीवर हवाई फवारणी करायला विरोध केला. पण केंद्र सरकारने सगळ्या राज्याच्या फळांवर बंदीची धमकी दिली, आणि जुलै १९८१ मध्ये हेलिकॉप्टरे रात्री घरांवरून मॅलॅथिऑन मिसळलेले आमिष फवारू लागली. लोक मोटारींवर आच्छादने घालत होते, मुलांना घराबाहेर जाऊ देत नव्हते. फवारणी निर्धोक आहे हे पटवण्यासाठी बी. टी. कॉलिन्स या अधिकाऱ्याने पाण्यात मिसळलेले मॅलॅथिऑन सर्वांदेखत पिऊन दाखवले. सप्टेंबर १९८२ मध्ये माशीचे उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. खर्च सुमारे १० कोटी डॉलर. त्याच वर्षी ब्राउन सिनेटची निवडणूक हरले. आधी दिरंगाई आणि मग फवारणी, दोन्हींमुळे लोक त्यांच्यावर नाराज होते. मधल्या काळात ती माशी त्या राज्यात पुनःपुन्हा सापडत राहिली.

चिलटाची गोष्टही बोलकी आहे. जगभरच्या चिलटांत डीडीटीला दाद न देण्याची ताकद कशी आली याचा २००२ साली उलगडा झाला. एकाच जनुकाचे काम वाढले आणि विष पचवणारे प्रथिन मुबलक तयार होऊ लागले. दहा दिवसांत पिढी बदलणाऱ्या प्राण्याशी विषाने लढणे म्हणजे त्याला परीक्षेचा पेपर आधीच वाचायला देणे.

सामानातला हापूस

या दोन माश्यांतला फरक आपल्याला ठाऊक असणे का गरजेचे आहे, हे आंब्याच्या प्रकरणातून कळते. फळमाशी आणि कोयीतला भुंगा या दोन किडींच्या भीतीपोटी १९८९ पासून भारतीय आंब्याला अमेरिकेत बंदी होती. अणुकराराच्या वाटाघाटींच्या काळात आंबाही चर्चेत आला, आणि मार्च २००६ मध्ये अध्यक्ष बुश भारतभेटीवर असताना त्याचा रस्ता मोकळा करायचे ठरले. तोडगा निघाला तो लासलगावात. भाभा अणुसंशोधन केंद्राने कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून उभारलेल्या विकिरण केंद्रात आंब्यांना किमान ४०० ग्रे एवढे गॅमा किरण द्यायचे. आंबा किरणोत्सर्गी होत नाही, पण आतली अंडी-अळी कधीच माशी होऊन उडू शकत नाही. एप्रिल २००७ मध्ये पहिली खेप न्यूयॉर्कला उतरली, आणि १८ वर्षांनी अमेरिकेतल्या मराठी माणसाने पेटीतला हापूस राजरोस खाल्ला.

पेटी महाग पडते, म्हणून देशातून येणाऱ्या आजी-आजोबांच्या बॅगेत चार हापूस टाकायचा मोह अजून अनेकांना होतो. प्रवाशांच्या सामानातून ताजा आंबा आणायला परवानगी नाही. ‘चार आंब्यांनी काय होणार?’ असे म्हणणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ओट्यावरचे चिलट असते. कायद्याच्या डोळ्यांपुढे असते फळमाशी, आणि तिला एक आंबा पुरतो. आपण ज्या राज्यात घरे बांधली, मुले वाढवली, त्याच्या संत्र्याच्या बागा आता आपल्याही आहेत. देशाची आठवण जिभेवर आणायची तर ती लासलगावच्या किंवा वाशीच्या वाटेने आणावी.

आणि आता ओटा

इतिहास ऐकून चिलटे जात नाहीत, तेव्हा त्यातून निघणारी कृती सांगतो. आधी आंबण्याचे ठिकाण शोधा. ते बहुधा समोरच्या केळ्यांत नसते. बटाट्यांच्या टोपलीच्या तळाशी सडलेला एक बटाटा, देवघरातले कालचे निर्माल्य, न विसळता रिसायकलच्या डब्यात टाकलेला ज्यूसचा कॅन, ओले फडके, कचऱ्याच्या डब्याचा चिकट तळ, सिंकमधल्या डिस्पोजलची रबरी झालर ही नेहमीची ठिकाणे. फळांच्या साली आणि कोयी कचऱ्याची गाडी येईपर्यंत पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा. पिकलेली केळी फ्रिजमध्ये ठेवा. साल काळी पडेल, आतले केळे चांगले राहील. अंगणात पडलेली संत्री रोज उचला.

मग सापळा. वाटीत बोटभर ॲपल सायडर व्हिनेगर घ्या, त्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका. साबणाने पाण्याचा पृष्ठताण मोडतो आणि चिलट वर तरंगत न राहता बुडते. हवे तर वाटीवर कागदाचे नरसाळे ठेवा. आत यायला रुंद तोंड, बाहेर पडायला अरुंद. सापळा दोन आठवडे तसाच राहू द्या, मधून मधून व्हिनेगर बदला. अंड्यापासून चिलटापर्यंत दहा दिवस लागतात, म्हणून घाण काढल्यावरही आधीच घातलेल्या अंड्यांतून नवी चिलटे येतच राहतात. तिसऱ्या दिवशी ‘काही उपयोग नाही’ म्हणून वाटी रिकामी करणारे हटकून हरतात. नुसता सापळा लावून सडका बटाटा तसाच ठेवणारेही हरतात.

फवाऱ्याचा डबा मात्र ओट्याजवळ आणू नका. आपण जिथे पोळ्या लाटतो तिथे विषाची गरज नाही. बॅरोजपासून व्हेरोनिका रॉड्रिग्जपर्यंत शंभर वर्षे लोकांनी या चिमुकल्या नाकाचा पाठपुरावा केला, तो मिळाला कोणाच्या तरी कुतूहलातून आणि सरकारी व विद्यापीठांच्या पैशातून. ‘माश्यांवर कसले संशोधन करता?’ असे कोणी विचारले तर व्हिनेगरची वाटी त्याच्यापुढे ठेवावी, आणि मोसम असेल तर लासलगावहून आलेल्या हापूसची एक फोडही.